संशयावरून सोडलेला माणूस

वारूळवाडीच्या वाचनालयात दरोड्याचं चांगलं पुस्तक हवं असेल तर कपाटं धुंडाळत बसायची गरज नसे. कुशाबाला विचारलं की काम व्हायचं. कुशाबा तिथला शिपाई. सकाळी कुलूप उघडायचं, झाडलोट करायची, वर्तमानपत्रं टेबलावर मांडायची, नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे, एवढीच खरं तर त्याची कामं. पण शेवटच्या रांगेतल्या एका कपाटाचा कारभार सगळ्यांनी न बोलता त्याच्यावर सोपवला होता. त्या कपाटात खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं होती. गाजलेल्या चोऱ्या, बँका फोडलेल्या टोळ्या, त्यांच्या मागावर वर्षानुवर्षं हिंडलेले पोलीस अधिकारी.

पिठाची गिरणी चालवणाऱ्या सरूबाई दर आठवड्याला यायच्या. पदराला, भुवयांना पीठ लागलेलं. दारातूनच विचारायच्या, "कुशाबा, आज कुणाला लुटायचं?"

"हे न्या," कुशाबा म्हणायचा. "बँकेच्या तळघरापतुर बोगदा खणलाय. खणणारी लई डोक्याची माणसं, पण त्यातला एक नव्या बुटांच्या नादात घावतो."

"आन ते निळं?"

"त्यात पोलीसच लई बोलतो. झोप यील तुमाला."

सरूबाई हसत बोगद्याचं पुस्तक घेऊन जायच्या. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंही त्याच्याकडे यायची. कुठल्या पुस्तकात तपास नीट सांगितलाय, कुठल्यात नुसता मसाला आहे, हे तो त्यांना सांगायचा. सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला चोर-पोलिसांचं वेड आहे.

वेड नव्हतं ते. बाकीचे लोक ती पुस्तकं वाचायचे ते चोर कसा सापडला हे कळावं म्हणून. कुशाबाची नजर दुसरंच काहीतरी शोधायची. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एक वाक्य यायचं: संशयावरून ताब्यात घेतलेल्यांना नंतर सोडून देण्यात आलं. ते वाक्य आलं की लेखक पुढे जायचा, वाचणारे पुढे जायचे. कुशाबा तिथेच थांबायचा. सोडून दिल्यावर ती माणसं घरी कशी गेली? दार कुणी उघडलं? दुसऱ्या दिवशी कामावर गेली का? पुढच्या पानांवर त्यांचा पत्ता नसायचा.

कारण कुशाबा स्वतः त्या वाक्यातला माणूस होता.

तो मूळचा आंबेगाव तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातला. घोडेगावहून एसटी धरली की धरणाच्या कडेकडेने वळणं घेत ती वर जाते, त्या वाटेवरच्या एका वाडीतला. भाताची चार खाचरं, उतारावर नाचणी-वरई, उन्हाळ्यात हिरडा. दोघा भावांचं त्यावर भागेना, म्हणून धाकटा कुशाबा खाली आला आणि नारायणगावच्या पेठेत एका सराफाकडे नोकरीला लागला. दुकान झाडायचं, काचा पुसायच्या, गिऱ्हाइकांना पाणी द्यायचं, शेठच्या घरचा डबा आणायचा. शांत माणूस. शेठ पेढीच्या किल्ल्या त्याच्या हातात देऊन गावाला जायचे, इतका विश्वास. नारायणगावला लागूनच असलेल्या वारूळवाडीत दोन खोल्या घेऊन तो बायको झुंबरबाई आणि मुलगी उज्ज्वला यांच्यासह राहत होता. उज्ज्वला दहावीला होती तेव्हाची ही गोष्ट. त्याला आता वीस वर्षं उलटून गेलीत.

लग्नसराईतली दुपार होती. शेठ त्या दिवशी जेवायला घरी गेले होते. दुकानात मुनीम आणि कुशाबा. लग्नाचा बस्ता बांधायला निघाल्यासारखी चांगल्या कपड्यांतली चार माणसं आली, त्यात एक बाई. मंगळसूत्र दाखवा, पाटल्या दाखवा, असं करत ती बसली. मुनीम खूश. त्याने कुशाबाला सांगितलं, "पावण्यांना चहा सांग." हॉटेलात गर्दी होती. दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला होता, म्हणून कुशाबाला थांबावं लागलं. किटली घेऊन तो परत आला तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं होतं. वाकून आत पाहिलं तर मुनीम तोंडात बोळा कोंबलेला, खुर्चीला बांधलेला, आणि काचेची कपाटं उघडी, रिकामी.

किटली हातात धरून तोच ओरडत रस्त्यावर आला. सगळ्या पेठेने ते पाहिलं. नेमकं तेच त्याला नडलं.

वरून तपास पथक आलं. त्याचे प्रमुख होते सयाजीराव काचोळे. चाळिशीतले, तडफदार, वर्तमानपत्रांत नाव असलेले. त्यांनी कुशाबाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: "नेमका तेवढ्याच वेळात तू बाहेर का होतास?" चहा आणायला, हे उत्तर त्यांना पुरेना. "चहाला इतका वेळ लागतो?" स्टोव्ह विझला होता हे उत्तर तर त्यांना फारच सोयीचं वाटलं. त्याला आत ठेवलं. किती दिवस ते कुशाबाला नीट सांगता येत नसे. आठवड्यापेक्षा जास्त, एवढं खरं. उजव्या हाताची दोन बोटं तिथे गेली. म्हणजे हाताला राहिली, पण वळायची बंद झाली.

तो काहीच बोलला नाही. धीराचा होता म्हणून नव्हे. त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पुढे ती टोळी सापडली. इंदूरच्या बाजूला त्यांची जीप उलटली, जखमींना बाहेर काढताना लोकांना सोन्याची पिशवी दिसली, दागिन्यांवर शेठच्या पेढीचा छाप होता. टोळीतल्या कुणी कुशाबाचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याला तर त्याआधीच सोडून दिलं होतं. टोळी सापडल्याचं त्याला कुणी सांगायला आलं नाही. केस कापायला गेला असताना न्हाव्याच्या दुकानातल्या पेपरात त्याने ते वाचलं. बातमीत काचोळे साहेबांचा फोटो होता. कुशाबाबद्दल एक अक्षर नव्हतं, तू निर्दोष आहेस असंही नव्हतं. त्याच्यावर खटला झालाच नव्हता, मग निर्दोष ठरवणार कोण?

शेठ भले होते. म्हणाले, "कुशाबा, माझ्या मनात काही नाही. पण गिऱ्हाईक बिचकतं रे." दुसऱ्या दुकानदारांच्या मनातही काही नव्हतं. कुणी कामावर मात्र ठेवलं नाही. उज्ज्वलाची सोयरीक मंचरला ठरत आली होती, त्या लोकांनी निरोप पाठवणं बंद केलं. मग खोडदच्या एका घरी घाईघाईने तिचं लग्न उरकलं. जावई वाईट नव्हता. सासू मात्र भांडण झालं की "चोराची पोर" म्हणायची. उज्ज्वला ते माहेरी कधी बोलली नाही. झुंबरबाईला शेजारणींकडून कळलं आणि ती नवऱ्यापासून लपवून रडली.

शेवटी वाचनालयाचे कार्यवाह दादाभाऊ गुरुजींनी त्याला शिपाई म्हणून घेतलं. कमिटीच्या बैठकीत कुणीतरी हरकत घेतली, तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "इथं पुस्तकं आहेत. पुस्तकं कोण चोरतंय?" सगळे हसले आणि कुशाबाला नोकरी मिळाली. दाराबाहेर उभ्या कुशाबाने ते हसणं ऐकलं होतं.

तिथे तो वाचायला लागला. शाळा सातवीपर्यंतची, पण गोडी लागली. आणि हळूहळू त्या सगळ्या पुस्तकांमधून त्याच्या मनात एका आशेने मूळ धरलं. एक जुनं, भाषांतर केलेलं पुस्तक होतं, परदेशातल्या टपालाच्या लुटीचं. त्यात तपास करणारा अधिकारी म्हातारपणी एका गाडीवानाच्या घरी जातो. त्या गाडीवानाला त्याने तरुणपणी चुकून पकडलेलं असतं. अधिकारी टोपी काढून त्याच्या पायरीवर बसतो आणि म्हणतो, माझं चुकलं. बस, इतकंच. ते पान कुशाबाने किती वेळा वाचलं असेल! झुंबरबाई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्याने ते तिला वाचून दाखवलं.

"आपला सायेब येईल का असा?" तिने विचारलं.

"येणार न्हाई," कुशाबा म्हणाला. "पर ल्हील कदी तरी. रिटायर झाल्यावर ल्हितात हे लोक."

 त्या पावसाळ्यात झुंबरबाई गेली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादाभाऊ वर्तमानपत्र नाचवत आले. "कुशाबा, तुमच्या कपाटाला नवा पाहुणा येतोय. काचोळे साहेबांनी आठवणी लिहिल्यात. 'बारा दरोडे आणि मी'. पुण्यात म्हणे हातोहात खपतंय. मागवलंय मी." गुरुजींच्या मनात काही वाकडं नव्हतं. काचोळे हे नाव आणि कुशाबाचं प्रकरण यांचा संबंध त्यांच्या ध्यानातूनच गेला होता. वीस वर्षांत माणसं असली नावं विसरतात.

कुशाबा विसरला नव्हता. पार्सल येईपर्यंत त्याला घास गोड लागेना. एकदा त्याने खोडदला फोन करून उज्ज्वलाला सांगितलंही, "सायबानं पुस्तक ल्हिलंय. आपलं आसंल त्यात." उज्ज्वला म्हणाली, "बगू या."

पार्सल आलं त्या दुपारी वाचनालय बंद होतं. खिडकीजवळच्या टेबलावर बसून कुशाबाने दोरी कापली, शिक्का मारायचीही वाट पाहिली नाही. सातवं प्रकरण: 'पेठेतली दुपार'. गावाचं नाव नव्हतं, पण पेठ, हॉटेल, शटर, मुनीम सगळं तेच होतं. नोकराचं नाव कोंडाजी ठेवलं होतं. डोंगराकडचा, अबोल, बायको आणि एक मुलगी असलेला कोंडाजी.

"कोंडाजी मुरलेला होता," काचोळे साहेबांनी लिहिलं होतं. "माराने तो बधणार नाही हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. मी सगळ्यांना बाहेर काढलं, त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि त्याच्या मुलीबद्दल बोलू लागलो. दगडाला पाझर फुटला. तो ढसाढसा रडला आणि त्याच्या तोंडून एकच शब्द आला: इंदूर. त्या एका शब्दावर मी माझी माणसं पाठवली. कोंडाजीने टोळीला दुकानाची वेळ सांगितली होती, पण शेवटी बापाचं काळीज जिंकलं. म्हणून मी त्याच्यावर गुन्हा दाखल केला नाही. त्या निर्णयाचा मला आजही अभिमान वाटतो."

कुशाबाने ते वाचलं. परत वाचलं. आपण काही गाळलं की काय म्हणून आधीचं पान काढून पाहिलं, पुढचं पाहिलं. पुढच्या पानावर आठवा दरोडा सुरू होत होता.

कुलूप उघडायची वेळ झाली तरी तो तसाच बसून होता. दादाभाऊ आले, पुस्तक पाहून हरखले. दर महिन्याला वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर एका पुस्तकाची शिफारस लिहिली जायची आणि ते काम कुशाबाचंच होतं. "या महिन्याला हेच लिहा," गुरुजी म्हणाले. कुशाबाने खडू घेतला.  नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. डाव्या हाताने, सवयीने, त्याने फळ्यावर लिहिलं: बारा दरोडे आणि मी. लेखक: सयाजीराव काचोळे. जरूर वाचा.

पुस्तक सगळ्यांत आधी सरूबाईंनी नेलं. आठवडा व्हायच्या आतच त्या परत आल्या. नेहमीसारखं दारातून काही विचारलं नाही. पुस्तक टेबलावर ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कुशाबा, तुमी एका शब्दानं तरी सांगायचं. आमी काय परके हाये का? जाऊ द्या. झालं गेलं. माणूस चुकतो. पोरीसाठी खरं बोललात, ते लई मोठं काम केलंत."

"मी काय केलं न्हाई ओ सरूबाई," कुशाबा म्हणाला. "ते खोटं हाये."

"हां, हां," सरूबाई घाईने म्हणाल्या, लहान मुलाची समजूत घालावी तशा. "मी कुणापाशी बोलणार न्हाई."

शिवी दिली असती तर त्याला भांडता आलं असतं. त्यांनी माफ करून टाकलं होतं. हळूहळू गावातले बरेच जण माफ करायला लागले. जुन्या लोकांनी तर कधीच मनात धरलं होतं की याचा हात असणार. आता छापून आलं होतं, आणि वर साहेबाने चांगलंही म्हटलं होतं. भरतीची पोरं त्याला विचारू लागली, "काका, टोळीवाले कसे असत्यात? त्यांनी तुमाला पयल्यांदा कुठं गाठलं?" त्यांच्या डोळ्यांत कुतूहल होतं, थोडा आदरही. कुशाबा प्रत्येकाला सांगायचा, तसं काही नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघून हसायची.

घोडेगावला कचेरीसमोर त्याच्या डोंगरपट्ट्यातला एक वकील बसतो. कुशाबा पुस्तक पिशवीत घालून त्याच्याकडे गेला. वकिलाने प्रकरण शांतपणे वाचलं, चष्मा काढला.

"यात तुमचं नाव कुठंय?"

"कोंडाजी म्हंजे मीच की."

"ते तुम्ही म्हणताय. त्यांनी म्हटलेलं नाही. गावाचं नाव नाही, दुकानाचं नाव नाही. आता तुम्ही कोर्टात गेलात की पहिल्यांदा तुम्हालाच सिद्ध करावं लागेल की हा माणूस मी. म्हणजे आज वारूळवाडीला माहिती आहे, ते उद्या जिल्ह्याला तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगणार." त्याने पुस्तक मिटून परत दिलं. "आणि तुम्ही तो शब्द बोलला नव्हता, याला साक्षीदार कोण?"

साक्षीदार त्या खोलीतले दोघेच. एक कुशाबा आणि एक काचोळे.

म्हणून फेब्रुवारीत जेव्हा कळलं की वाचनालयाच्या वर्धापनदिनाला काचोळे साहेबच पाहुणे म्हणून येणार आहेत, तेव्हा कुशाबाला धक्का बसला आणि थोडं बरंही वाटलं. गावासारखंच दादाभाऊंनीही पुस्तकातलं खरं धरलं होतं आणि मोठ्या खटपटीने साहेबांना मिळवलं होतं. कुशाबाने मनाशी ठरवलं, विचारायचं. भांडायचं नाही. फक्त समोर उभं राहून विचारायचं. हा माणूस मला बघेल तर त्याला आठवेल.

त्या दिवशी खुर्च्या त्यानेच मांडल्या. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ ठेवलेलं तबक घेऊन तो मंचाच्या कडेला उभा राहिला. काचोळे साहेब थकले होते, काठी घेऊन चालत होते, पण आवाज खणखणीत होता. स्थानिक लोक खूश व्हावेत म्हणून त्यांनी भाषणात सातवंच प्रकरण निवडलं. चहाच्या कपापाशी ते आले तसं सभागृहातलं एकेक डोकं मंचाच्या कडेकडे वळू लागलं. कुशाबा तबक धरून उभा होता. त्याला ते खाली ठेवता येईना की घेऊन जाता येईना. मग सत्कार झाला, त्याच्याच हातातल्या तबकातली शाल उचलून गुरुजींनी साहेबांच्या खांद्यावर घातली. फोटो निघाले.

कार्यक्रम संपल्यावर साहेब ग्रंथपालांच्या खोलीत एकटेच टेकले होते. कुशाबा आत गेला.

"सायेब, वळखलं का?"

त्यांनी मान वर केली. "चेहरा पाहिल्यासारखा वाटतो."

"तुमच्या पुस्तकातला कोंडाजी मी."

काचोळे क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा खुलला. खरोखर आनंदाने खुलला. काठीच्या आधाराने ते उठले आणि त्यांनी कुशाबाच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू! इथं काम करतोस? बरा आहेस ना? आणि तुझी ती मुलगी?"

कुशाबा मनात घोकून ठेवलेलं सगळं विसरून गेला. तो एवढंच म्हणाला, "सायेब, मी इंदूरचं नाव घेतलं नव्हतं. मला म्हाईतच नव्हतं."

"घेतलं होतंस," साहेब मायेने म्हणाले. "रडत होतास तू. मी तुझ्यापुढे चहा ठेवला होता."

"चा ठेवला व्हता. ते खरं. मी म्हनलो, म्हाईत असतं तर पयल्याच दिशी सांगितलं असतं. मग तुमी उठून गेलात. मग ते दोगं आत आलं." त्याने उजवा हात पुढे केला. "हे त्या टायमाचं."

साहेबांनी बोटांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण ती दुःखाची होती, लाजेची नव्हती. "हे माझ्यासमोर झालेलं नाही. मी असलं करू दिलं नसतं."

"जीप उलटली म्हनून ती माणसं घावली, सायेब. पेपरात आलं व्हतं."

"उलटली. पण त्या रस्त्यावर आमचे लोक का होते? तुझ्या शब्दामुळे. बाबा रे, अशा वेळी माणूस काय बोलतो त्याचं त्यालाच भान नसतं. मी शेकडो पाहिलेत. तुला आठवत नसेल, मला लख्ख आठवतंय. आणि मी तुझं नाव बदललंय की! तुझी काळजी घेतलीय मी."

इतकी पुस्तकं वाचलेला कुशाबा त्यांच्या डोळ्यांत खोटं शोधत होता. ते तिथे नव्हतं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. वीस वर्षांत कधीतरी, ती गोष्ट दहा ठिकाणी सांगता सांगता, त्यांच्या डोक्यात तो शब्द येऊन बसला होता आणि आता तो त्यांना कुशाबाच्या आवाजात ऐकू येत होता. खोट्याला कधी ना कधी उघडं पाडता येतं. याला काय करणार?

तेवढ्यात दादाभाऊ फोटोग्राफरला घेऊन आत आले. साहेबांनी कुशाबाला जवळ ओढलं, खांद्यावर हात टाकला आणि आणखी एक फोटो निघाला.

उज्ज्वला कार्यक्रमाला आलेली होती, हे त्याला बाहेर आल्यावर कळलं. खोडदहून एकटीच आली होती, मागच्या खुर्चीवर बसून तिने सगळं ऐकलं होतं. दोघं बापलेक स्टँडकडे चालू लागली. टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो धूळ उडवत चालले होते. कुशाबाच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. पोलिसांच्या त्या खोलीत तो किती तरी वेळा शुद्ध हरपून पडला होता. त्यावेळी तोंडून काय गेलं असेल? पण इंदूर हे नाव मला कुठून माहीत असणार? शेठकडे इंदूरचा कुणी व्यापारी यायचा का? आला असेल. वीस वर्षं तो एकाच गोष्टीच्या आधाराने उभा होता: बाकी जगाला काही वाटो, मी बोललो नाही हे मला माहीत आहे. त्या आधारालाच आता तडा गेला होता.

उज्ज्वला थांबली. तिने पदराने तोंड पुसलं.

"आबा, येक विचारू? खरं सांगाल?"

त्याने मान हलवली.

"तुमी बोलला व्हता का?"

कालपर्यंत विचारलं असतं तर तो ओरडला असता. आता त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. तो वेळ उज्ज्वलाने पाहिला.

"न्हाई," तो म्हणाला.

"बरं," उज्ज्वला म्हणाली. एसटी आली, ती चढली. खिडकीतून तिने हात केला. सासरी तिने इतकी वर्षं मान खाली घालून ऐकून घेतलं ते बाप निर्दोष आहे या भरवशावर. तो भरवसा आता किती उरला असेल, हे त्या एका शब्दावरून कुशाबाला कळलं. त्याने तिला दोष दिला नाही.

होळीच्या आधी त्याने वाचनालयाच्या किल्ल्या दादाभाऊंकडे दिल्या. गुरुजींनी खूप समजावलं, कुणी काही बोललं का विचारलं. तो म्हणाला, कुणी वाईट बोललं नाही. दोन खोल्या सोडल्या आणि तो वर वाडीला थोरल्या भावाकडे राहायला गेला. भाऊ थकला होता, भावजय धोंडाबाई शेत बघायची. कुशाबा तिच्या हाताखाली हिरडा गोळा करू लागला, गुरं वळू लागला. वाचायला तिथे काही नव्हतं आणि त्याने कुठून मागवलंही नाही.

भाताची लावणी चालू असताना दादाभाऊ गुरुजी त्याला शोधत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक. 'बारा दरोडे आणि मी'ची दुसरी आवृत्ती. गुरुजींना धीर धरवत नव्हता. पडवीत बसताच त्यांनी सातव्या प्रकरणाच्या शेवटी घातलेला नवा मजकूर वाचून दाखवला.

"या प्रकरणातील कोंडाजीची आणि माझी अलीकडेच अचानक भेट झाली. त्याचं खरं नाव कुशाबा. गुन्ह्याच्या वाटेवरून माघारी फिरलेला हा माणूस गेली अनेक वर्षं वारूळवाडीच्या वाचनालयात ग्रंथसेवा करत आहे. माझ्या कारकिर्दीचं याहून मोठं सार्थक कोणतं?"

खाली फोटो होता. शाल पांघरलेले साहेब, आणि त्यांच्या हाताखाली खांदा आकसून उभा असलेला कुशाबा.

"साहेबांनी मला फोन केला होता," दादाभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "म्हणाले, त्याचं नाव घालू का? मी म्हटलं, घाला, गावाला अभिमान वाटेल. कुशाबा, परत या. लोक तुम्हाला बघायला येतील."

कुशाबाने पुस्तक हातात घेतलं, फोटो पाहिला आणि गुरुजींना परत दिलं. धोंडाबाईने चहा-भाकरी केली. खाऊन गुरुजी शेवटच्या एसटीने खाली गेले. जाताना पुस्तक पडवीत ठेवून गेले.

दोन दिवसांनी उज्ज्वलाचा फोन धोंडाबाईच्या मोबाइलवर आला. वरच्या बांधावर उभं राहिलं तरच आवाज येतो, म्हणून धोंडाबाईने त्याला तिथे नेलं. उज्ज्वलाला पुस्तकाचं कळलं होतं. ती घाईघाईने बोलत होती, "आबा, आता त्यांनी नाव घातलंय. आता वकिलाला केस करता येईल. आपण जाऊ घोडेगावला. मी येते संगं."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? तुमी बोलला नव्हता ना?"

कुशाबा बांधावर उभा होता. खाली खाचरात बायका वाकून रोपं लावत होत्या.

"मला आता सांगता यायचं न्हाई," तो म्हणाला.

पलीकडे उज्ज्वला काही बोलली, पण आवाज तुटत होता. त्याने फोन धोंडाबाईच्या हातात दिला आणि तो खाचरात उतरला. लावणी अजून अर्धी राहिली होती.